स्वादुपिंडाचा कर्करोग: 'पन्नाशीनंतर सगळ्यांची चाचणी करा' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमच्या मामांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. निदानानंतर चार महिन्यांत ते गेले, आणि मी मात्र लिहिलं होतं की धडधाकट माणसाने तपासणीच्या पॅकेजमध्ये सीए १९-९ (याच नावाचा घटक रक्तात किती आहे हे मोजणारी चाचणी) करून घेऊ नये. 'असं लिहिणाऱ्यांमुळेच माणसं जातात, पन्नाशीनंतर सगळ्यांची चाचणी व्हायलाच हवी,' असं तुम्ही म्हणता. तुमचा राग मला समजतो. तरी माझं मत बदललेलं नाही.

लक्षणं दिसू लागलेल्या रुग्णांमध्येही ही चाचणी शंभरातल्या साधारण वीस जणांचा आजार चुकवते. गाठ लहान असेल तर त्याहून जास्त. पाच ते दहा टक्के लोकांच्या शरीरात हा घटक जन्मतःच बनत नाही, त्यामुळे आजार पसरला तरी त्यांचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. उलट खड्याने पित्तनलिका तुंबली तरी आकडा चढतो. समजा, १ लाख धडधाकट लोकांमध्ये ५० जणांना हा आजार आहे. त्यातले ४० सापडले आणि निरोगी लोकांपैकी फक्त १० टक्क्यांचा रिपोर्ट चुकीने वाढीव आला, तरी जवळपास १० हजार माणसं विनाकारण कॅन्सरच्या धास्तीने स्कॅनच्या रांगेत लागतील. काहींवर नको असलेली शस्त्रक्रियाही होईल, आणि स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया जिवावर बेतू शकते.

लवकर निदान अशक्य आहे, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. ज्यांच्या घराण्यात हा आजार आहे किंवा बीआरसीए२, सीडीकेएन२ए अशा जनुकांत दोष आहे, अशा १,४६१ जणांवर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पुढाकाराने नियमित लक्ष ठेवलं गेलं. एमआरआय आणि एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी, हीच त्यांची साधनं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: देखरेखीत सापडलेल्या ९ कर्करोगांपैकी ७ पहिल्याच टप्प्यात होते. एरवी बहुतेकांचा आजार पसरल्यावरच कळतो, हे लक्षात घेतलं तर ही केवढी मोठी गोष्ट आहे!

दुसरा धागा मधुमेहाचा. पन्नाशीनंतर नव्यानेच साखर वाढलेल्या शंभरातल्या साधारण एकाला तीन वर्षांत हा कर्करोग निघतो. म्हणून घाबरू नये, पण साखर अचानक वाढली आणि सोबत वजनही झपाट्याने उतरत असेल, तर नुसत्या गोळ्या वाढवत बसू नका, डॉक्टरांकडे पोटाच्या सीटीचा विषय काढा. वेदना नसलेल्या काविळीला तर झाडपाल्यावर एक दिवसही घालवू नये.

आता तुमच्या घराविषयी. तुमच्या आई मामांच्या सख्ख्या बहीण, म्हणजे जवळच्या रक्ताच्या. हा आजार झालेल्या प्रत्येकाची जनुकीय तपासणी व्हावी, आणि तो हयात नसेल तर सख्ख्या नातेवाइकांची, असा आता तज्ज्ञांचा सल्ला आहे. घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, हे आईंना विचारा, मामांचे रिपोर्ट शोधून ठेवा आणि दोघं मिळून जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये ती सोय आहे.