उकळते पाणी, नेलपॉलिश रिमूव्हर आणि सिरिंज: प्रिंटर हेडच्या फिरत्या संदेशाला उत्तर

"प्रिंटवर पांढऱ्या रेघा येतात? म्हणजे हेड चोकअप झाले आहे. सर्व्हिसवाल्याला पैसे देऊ नका," अशी सुरुवात असलेला एक संदेश सध्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. हेड, म्हणजे बारीक छिद्रांतून (नॉझलमधून) कागदावर शाई सोडणारा प्रिंटरचा भाग, उकळत्या पाण्यात बुडवावे. तरीही शाई सुटली नाही तर सिरिंजने नेलपॉलिश रिमूव्हर जोराने आत सोडून हेअर ड्रायरने वाळवावे. रेघा जाईपर्यंत प्रिंटरमधलेच हेड क्लीनिंग (हेडमधून शाई ओढून ते साफ करण्याची सोय) दहा-पंधरा वेळा करावे. वीज वाचवण्यासाठी प्रिंटर थेट भिंतीवरच्या बटणाने बंद करावा. आणि आठवड्यातून एकदा तरी छपाई करावी, असे पाच उपाय त्यात आहेत. माझी मावशी ठाण्यात नौपाड्यात राहते, घरी शिकवण्या घेते आणि मुलांच्या सराव प्रश्नपत्रिका घरच्याच टँक प्रिंटरवर (कार्ट्रिजऐवजी टाक्यांत शाई भरायचा प्रिंटर) छापते. तिने यातला दुसरा उपाय केला. मी ऐरोलीहून तिच्या घरी पोहोचलो तेव्हा नॉझल चेकच्या (सगळी छिद्रे शाई सोडतात का, हे दाखवणाऱ्या चाचणीच्या) कागदावर पिवळ्या पट्ट्याच्या जागी हिरवट काळा रंग उमटत होता. ते हेड आता दुरुस्त होणार नाही, आणि म्हणूनच हे उत्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

उकळत्या पाण्याच्या उपायात अर्धे सत्य आहे, ते मान्य करतो. एचपीची ६८० किंवा ८०३, कॅननची पीजी-७४५ अशा कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजच्याच तळाशी असते. असे कार्ट्रिज महिनोन्‌महिने पडून राहिले असेल, तर कोमट पाण्याने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर किंवा टिश्यूवर ते मिनिटभर टेकवून ठेवल्यास वाळलेली शाई सुटते आणि पुष्कळदा कार्ट्रिज पुन्हा चालू लागते. पण येथे पाणी कोमट आहे, उकळते नाही, आणि कार्ट्रिज ओल्या कापडावर टेकवायचे आहे, बुडवायचे नाही. शिवाय टँक प्रिंटरमधले हेड सहसा यंत्राच्या आत बसवलेले असते. ते बाहेर काढायचे म्हणजे शाईच्या नळ्या आणि नाजूक रिबन केबल सोडवाव्या लागतात. संदेश लिहिणाऱ्याने एका प्रकारच्या प्रिंटरचा उपाय सगळ्या प्रिंटरना लावून टाकला आहे. पाणीही नळाचे नको. ज्या सोसायट्यांत बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येते, तेथे गिझरच्या कॉइलवर साचणारा पांढरा थर सर्वांनी पाहिलेला आहे. हेडचे एकेक छिद्र सुमारे २० मायक्रॉनचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहूनही लहान असते, आणि तोच क्षार तेथे वाळला तर शाईपेक्षा हट्टी ठरतो. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर पेट्रोलपंपाजवळच्या कोणत्याही दुकानात मिळते. पाणी वापरायचेच असेल तर ते वापरावे.

आता दुसरा उपाय, ज्याने मावशीच्या घरी नुकसान केले आणि ज्याने कोणाच्या तरी घरी आगही लागू शकेल. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असते. ते एबीएस आणि पॉलिस्टायरीन ही प्रिंटरमध्ये सर्रास वापरली जाणारी प्लास्टिके विरघळवते, आणि हेडचे पातळ थर एकमेकांना जोडणारा गोंद त्याने फुगतो व सैल पडतो. पिगमेंट शाईत रंगाचे कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. असा द्रावक मिसळला की ते गोळा होऊ शकतात, म्हणजे अडथळा काढायला गेलेला माणूस नवा अडथळा तयार करतो. रिमूव्हरमध्ये अनेकदा तेल, ग्लिसरीन आणि सुगंधही असतो, तो मागे राहतो तो वेगळाच.

त्यावर सिरिंजचा जोर. हेडमध्ये शाई कोणी ढकलत नाही. ती किंचित ऋण दाबाखाली, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा थोड्या कमी दाबाखाली, धरलेली असते, म्हणूनच छपाई नसताना ती गळत नाही. एक चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर अंगठ्याने दोन किलोचा भार दिला, तर वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट इतका जादा दाब तयार होतो. लहान सिरिंज अधिक सौम्य असेल, असे समजून मावशीने दोन मिलिलिटरची घेतली होती; प्रत्यक्षात दट्ट्या जितका बारीक, तितका त्याच अंगठ्याने पडणारा दाब जास्त. बंद नॉझलसमोर हा दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि ती त्याला दोन रंगांच्या वाहिन्यांमधल्या पातळ भिंतीत सापडते. पिवळ्यात काळा मिसळला तो असा. याच वेळी द्रव मागच्या जोडणीवर ओघळला आणि तो न वाळता प्रिंटर चालू केला, तर शॉर्टसर्किट होऊन हेडबरोबर मुख्य सर्किट बोर्डही जातो.

आणि मग हेअर ड्रायर. ॲसिटोनची वाफ उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. ठाण्याच्या बंद खोलीत ती किती सहज तयार होईल याचा विचार करावा. त्या वाफेवर तापलेल्या तारेची हवा सोडायला सांगणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. मावशीने ड्रायर लावला नाही, कारण तो तिच्याकडे नव्हता. हा संदेश पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने निदान हे एक वाक्य तरी खोडून पाठवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दहा-पंधरा वेळा क्लीनिंग करण्याविषयी मला फार लिहावे लागणार नाही, कारण उत्पादकानेच लिहून ठेवले आहे. एपसनच्या एल३१५० सारख्या इंक टँक मॉडेलच्या वापर पुस्तिकेत क्रम स्पष्ट आहे: नॉझल चेक आणि हेड क्लीनिंग तीन वेळा करूनही फरक पडला नाही, तर प्रिंटर बंद करून किमान १२ तास थांबावे, मग पुन्हा नॉझल चेक करून गरज असल्यास क्लीनिंग करावे, आणि त्यानेही भागले नाही तरच पॉवर क्लीनिंग (नळ्यांतली सगळी शाई बदलणारे मोठे क्लीनिंग) करावे, तेही प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली असताना. या थांबण्याला अर्थ आहे. वाळलेली शाई ताज्या शाईने हळूहळू भिजते आणि नळीत शिरलेले बुडबुडे वर सरकतात. ही दोन्ही कामे सलग क्लीनिंगच्या घाईत होत नाहीत. प्रत्येक क्लीनिंगची शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या वेस्ट इंक पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत) जाते, आणि त्याची मर्यादा भरली की प्रिंटर छापणेच थांबवतो.

भिंतीवरच्या बटणाचा सल्लाही चुकीचा आहे. प्रिंटरवरचे बटण दाबल्यावर हेड उजवीकडच्या रबरी टोपीवर जाऊन बसते आणि नॉझल हवेपासून झाकले जातात. छपाई चालू असताना किंवा हेड मध्येच असताना वीज तोडली, तर ते रात्रभर उघडे राहते. आधी यंत्राचे बटण दाबावे, दिवा विझू द्यावा, मग भिंतीवरचे बंद करावे.

आठवड्यातून एकदा छपाई करावी, हे मात्र बरोबर आहे. एवढेच, की फक्त काळे पान छापले तर बाकीचे तीन रंग तसेच पडून राहतात, म्हणून नॉझल चेकचा कागद काढणे सर्वांत स्वस्त. सर्व्हिसवाल्याविषयीचा रागही मला समजतो. हेड बदलण्याचा खर्च अनेकदा नव्या प्रिंटरच्या किमतीजवळ जातो.

संदेशाचे पहिलेच विधान, रेघा म्हणजे चोकअप, मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. वाळलेला नॉझल दर वेळी त्याच जागी रेघ तोडतो. तुटलेल्या जागा कागदागणिक बदलत असतील, तर शाई अडकलेली नसून नळीत हवा आहे किंवा शाईचा पुरवठा कमी पडतो आहे. मावशीने रिमूव्हर वापरण्यापूर्वी नॉझल चेकचे तीन कागद काढले होते आणि पाठकोरे म्हणून जपूनही ठेवले होते. मी ते टेबलावर एकाखाली एक मांडले. काळ्या पट्ट्यातली तूट पहिल्या कागदावर डावीकडे होती, दुसऱ्यावर मध्यभागी, आणि तिसऱ्यावर जवळजवळ भरून आलेली होती. त्या आठवड्यात काळ्या शाईची टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर तिने ती भरली होती, असे विचारल्यावर तिला आठवले. हेड चोकअप झालेलेच नव्हते. नळीत हवा शिरली होती आणि ती आपोआप निघत चालली होती.