रेडी रेकनर म्हणजे घराचा कमाल भाव नव्हे

‘महाराष्ट्रात रेडी रेकनरपेक्षा जास्त भाव मागणं बेकायदा आहे, तेवढीच ऑफर द्या’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. रेडी रेकनर म्हणजे सरकारने भागानुसार ठरवलेला मालमत्तेचा दर, आणि तो मुद्रांक शुल्कासाठी असतो. करारातली किंमत आणि रेकनरचं मूल्य यांत जे जास्त, त्यावर शुल्क लागतं. भाव ठरवायचा तो घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने. उलट, रेकनरपेक्षा फार कमीत सौदा झाला आणि फरक १० टक्क्यांहून, शिवाय ५०,००० रुपयांहूनही जास्त निघाला, तर तो घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर प्राप्तिकर लागतो. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही, आणि खरा फटका इथेच बसतो.

ऑफर ठरवण्याआधी त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या कराराचा सारांश) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधा आणि कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या वापरण्याजोग्या क्षेत्रफळाच्या) चौरस फुटामागे भाव काढा. मजला, पार्किंग, सोसायटीची थकबाकी यांवर घासाघीस त्यानंतर.