पट्टी उतरवली म्हणून आवाज उतरत नाही

काल मिरजेहून आत्याचा फोन. मिरवणुकीत आठ महिन्यांच्या नातीला घेऊन डीजेच्या गाडीजवळ थांबणार म्हणाली. का, तर घरच्या ग्रुपवर मेसेज आलाय: 'डीजेचं सॉफ्टवेअर पट्टी 440 वरून 432 हर्ट्झवर उतरवतं, मग आवाज कितीही असो, कानाला इजा होत नाही.' त्यातच पुढे लिहिलंय की पट्टी बदलली की लय बदलतेच आणि सॉफ्टवेअर गायकाचा नकली आवाज लावतं.

कानाचं आधी, कारण प्रश्न तान्ह्या बाळाचा आहे. पट्टी म्हणजे गाण्याचा मूळ सूर, आणि हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. 440 वरून 432 हा फरक दोन टक्क्यांहूनही कमी. पेटीवरच्या पांढरी एक ते काळी एक या शेजारच्या सुरांमधल्या अंतराचा जेमतेम तिसरा हिस्सा. आत्याच्या शेजारीच तंबोरे जुळवतात. तारेतला मणी किंचित सरकवला की सूर हलतो, आवाज लहान होत नाही, हे ती जन्मभर ऐकत आलीय. कान बिघडतो तो आवाजाच्या जोरानं आणि त्यात किती वेळ थांबलो त्यानं. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची मर्यादा 85 डेसिबलला 8 तास आहे. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं, आणि तीही मोठ्या माणसांसाठी! स्पीकरच्या भिंतीसमोर पट्टी कोणतीही लावा, हा हिशेब तोच राहतो.

लयीबद्दलचं अर्धं खरं आहे, मान्य करतो. ग्रामोफोनची तबकडी जोरात फिरवली की लय आणि सूर दोन्ही चढायचे. पण सॉफ्टवेअर गाण्याचे मिलिसेकंदांतले बारीक तुकडे करतं, ते एकमेकांवर थोडे चढवून पुन्हा जोडतं आणि सूर तोच ठेवून गाणं लांबवतं. पट्टी एक स्वर चढवायची, म्हणजे पांढरी एकची काळी एक करायची, तर 180 सेकंदांचं गाणं आधी सुमारे 191 सेकंदांचं होतं. मग तेवढ्याच पटीनं जलद वाजवलं की सूर चढतो आणि लांबी परत 180. लय जागच्या जागी. सूर आणि वेळ वेगळे करायची एक रीत बेल लॅब्सच्या फ्लॅनागन आणि गोल्डन यांनी 1966 मध्येच मांडली होती.

नकली आवाजाचं साफ चूक. रेकॉर्डिंग तेच असतं. पट्टी फार ओढली तर गळा चिरका लागतो आणि ढोलाची थाप फिसकटते, एवढंच.

आत्या, मिरवणुकीच्या दिवशी नातीला घेऊन सांगलीला माझ्याकडे ये. आणि तो मेसेज ज्यांना पुढे पाठवलास, त्यांना आजच फोन कर.