किंडल घेऊ का, असं विचारणाऱ्या सगळ्यांना

किंडल (अॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, म्हणजे ई-रीडर) घ्यावं का, कोणतं घ्यावं आणि मग छापील पुस्तकांचं काय होणार, हे तीन प्रश्न सध्या आमच्या ठाण्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतायत आणि मी सतत काहीतरी वाचत असते म्हणून उत्तर द्यायला मलाच पुढे ढकलतात, तर एकदाच सगळं इथे लिहून टाकते. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मोबाइलवर वाचणं आणि ई-रीडरवर वाचणं हे एकच नाही. निम्मी माणसं "मी पीडीएफ वाचून बघितली मोबाइलवर, डोळे दुखले" म्हणून ई-रीडरला नावं ठेवतात. मोबाइलचा स्क्रीन स्वतः उजेड फेकतो. ई-रीडरच्या स्क्रीनमधे, म्हणजे ई-इंकमधे, बारीक बारीक कॅप्सूल असतात, त्यात काळे आणि पांढरे कण, वीज दिली की एक रंग वर येतो दुसरा खाली जातो आणि मग ते तिथेच बसून राहतात. म्हणजे वीज लागते ती पान उलटताना, किंवा लाइट लावलात तर. म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते आणि तलावपाळीला भर दुपारी बसलात तरी अक्षर लख्ख दिसतं, मोबाइलमधे त्या वेळी फक्त आपलं तोंड दिसतं.

आता मॉडेल. 2022 पासून साध्या किंडललाही 300 पीपीआय (एका इंचात किती ठिपके, जेवढे जास्त तेवढं अक्षर रेखीव) आलंय, त्यामुळे अक्षराच्या बाबतीत पेपरव्हाइटसाठी, म्हणजे किंडलच्याच वरच्या मॉडेलसाठी, जास्त पैसे मोजायची गरज उरली नाही. इंग्रजीवाल्यांना याचं एवढं कौतुक नसेल पण आपल्याला आहे, आधीच्या साध्या किंडलला 167 होतं आणि त्यावर "वैशिष्ट्य" मधलं शेवटचं जोडाक्षर म्हणजे नुसता काळा ठिपका. पेपरव्हाइटला पिवळसर लाइट, मोठा स्क्रीन आणि पाण्यापासून संरक्षण, तर जुलैमधे ट्रान्स हार्बर लोकलच्या दारात उभं राहून ऐरोली-घणसोली करणाऱ्यांनी ते घ्यावं, बाकीच्यांनी पैसे वाचवून पुस्तकं घ्यावीत. रंगीत ई-रीडरचं खूळ सोडून द्या. रंगात आलं की रिझोल्यूशन निम्म्यावर, 150, आणि वरच्या फिल्टरमुळे पांढरा रंग जरा मळकट दिसतो. कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्याला रंग हवाय कशाला?

कोबो, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं ई-रीडर, मला मनापासून आवडतं, ईपब, म्हणजे ई-पुस्तकांची नेहमीची फाइल, सरळ टाकता येते, काही मॉडेल्सचे सुटे भाग आणि रिपेअरची माहितीसुद्धा 2024 पासून मिळते. पण इथे बहुतेक लोक ते बाहेरून कुणाकडून तरी मागवतात, मग बिघडलं की बसा.

आणि मराठीवाल्यांनो, इथे नीट लक्ष द्या कारण हे दुकानातला माणूस सांगत नाही. किंडल स्टोअरवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली 2016 च्या शेवटी. त्याच्या आधीपासून आणि आजही मराठी ई-पुस्तकांचा मोठा साठा बुकगंगा या पुस्तकांच्या वेबसाइटवर आहे, आणि ती पुस्तकं त्यांच्याच अॅपमधे उघडतात, किंडलवर नाही. त्यामुळे मुख्यतः मराठीच वाचणार असाल तर अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक रीडर, बूक्स (Boox) कंपनीचा असतो तसा, जास्त सोयीचा, त्यात दोन्ही अॅप टाकता येतात. महाग आहे, बॅटरीही किंडलएवढी पुरत नाही, तरीही.

झालं डिव्हाइसचं. आता तो "छापील पुस्तक संपणार" वाला विषय.

एमआयटीच्या मीडिया लॅबचे संस्थापक निकोलस नेग्रोपॉन्टी, म्हणजे जिथून ही ई-इंक बाहेर पडली त्याच लॅबचे, त्यांनी 2010 मधे सांगून टाकलं होतं की पाच वर्षांत छापील पुस्तक संपेल. 2015 आलं आणि गेलं. गोखले रोडवर पुस्तकं अजून विकली जातायत, गडकरी रंगायतनला नाटकाला गेलं की बाहेर पुस्तकांचं टेबल दिसलं तर लोक अजून थांबतात. तेव्हा स्क्रीनमुळे पुस्तक मरेल ही भीती मला कधीच पटली नाही. मराठी पुस्तक मरतं ते वेगळ्याच कारणाने, आवृत्ती संपली की.

म्हणजे बघा. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती निघाली तरी प्रकाशक खूश, हल्ली त्याहूनही कमी छापतात. त्या संपायला कधी कधी दहा वर्षं जातात. संपल्या की दुसरी काढायला पैसे घालायचे तर विकेल याची खात्री नाही, म्हणून राहतं. गेल्या वर्षी मला खाडीकाठच्या मिठागरांवरचं एक जुनं पुस्तक हवं होतं, प्रकाशकांना फोन केला, उत्तर आलं "आउट ऑफ प्रिंट, मॅडम". ई-बुक? "नाही." काढणार? हसले ते. शेवटी एका वाचनालयात एक प्रत सापडली, पानं अशी की उलटताना हातात तुकडा येईल, आणि ती घरी द्यायची नाही असा नियम, जो बरोबरच आहे. म्हणजे ते पुस्तक जवळजवळ गेलंच की.

हे जे छापायला परवडत नाही, ते ई-बुक म्हणून तरी जिवंत ठेवा ना! गोडाऊन नको, बाइंडिंग नको, वर्षाला चार जणांनी घेतलं तरी हरकत नाही. पण आपल्याकडे उलटं चाललंय, जे नवीन आणि खपणारं आहे त्याचंच ई-बुक आधी येतं, जे दुकानात तसंही मिळतंय. आणि यात नुसता आळस आहे असंही नाही. 1990 आणि 2000 च्या काळातली कितीतरी मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधे, पेजमेकर नावाच्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधे लावलेली आहेत, युनिकोडमधे, म्हणजे आज सगळीकडे चालतं त्या अक्षर-पद्धतीत, नाहीत. ती फाइल उघडलीच तर कन्व्हर्ट करताना रफार एकीकडे आणि वेलांटी तिसरीकडे, म्हणजे पुन्हा पहिल्या ओळीपासून प्रूफं तपासायला माणूस बसवा. त्याच्याही आधीची खिळे जुळवून छापलेली, त्यांची तर फाइलच नाही. मग हक्कांचा घोळ, जुन्या करारांत डिजिटलचा उल्लेखच नसतो, लेखक जाऊन 60 वर्षं होईपर्यंत कॉपीराइट वारसांकडे, आणि एक वारस पुण्यात तर दुसरा न्यू जर्सीत.

छापील पुस्तकाची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल ही किंडल कंपनीची एजंट. ई-बुक आपल्या मालकीचं नसतं, आपण वाचायचा परवाना घेतो. 2009 मधे अॅमेझॉनने हक्कांच्या भानगडीमुळे ऑरवेलची पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती, नंतर माफी मागितली. 2019 मधे मायक्रोसॉफ्टने ई-बुकचं दुकानच बंद केलं, पैसे परत दिले पण पुस्तकं गायब. छापील पुस्तक मी मैत्रिणीला देते, ती तिच्या नणंदेला देते, ते परत येत नाही ही गोष्ट वेगळी (नणंदबाई वाचत असतील तर कळावे). दिवाळी अंकाचं तर सगळं गणितच त्यावर, एक अंक अख्खी बिल्डिंग वाचते. सहा इंची स्क्रीनवर दिवाळी अंकाची पीडीएफ बघून बघा एकदा, दोन कॉलम, मधे व्यंगचित्र, बाजूला सोन्याच्या दुकानाची जाहिरात, पाच मिनिटांत डोकं उठतं.

पण सासऱ्यांच्या मोतीबिंदूनंतर घरात पहिलं ई-रीडर आलं आणि त्यांनी अक्षर एवढं मोठं करून घेतलं की एका पानावर दहा ओळी, आणि दिवसभर वाचत बसले. तिथे कागदाचा वास वगैरे बोलायची माझी तरी हिंमत नाही.

आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चं आहे. मराठी ग्रंथ एका जागी जमवून ठेवले पाहिजेत हे तेव्हा विनायक लक्ष्मण भाव्यांसारख्या लोकांना सुचलं, ते सुद्धा स्कॅनर, इंटरनेट काही नसताना. आज ज्यांचा कॉपीराइट संपलाय ती पुस्तकं तरी नुसती स्कॅन नाही तर नीट टाइप करून, प्रूफं तपासून ईपबमधे यायला काय हरकत आहे? त्याला पैसे कमी आणि माणसं जास्त लागतात, आणि ठाण्यात रिटायर्ड शिक्षक आणि बँकवाले काय कमी आहेत!

तर माझ्या फ्रेंड लिस्टमधे कुणी प्रकाशक असतील तर एकच विनंती. संपलेल्या आवृत्त्यांची नावं जाहीर करा, एवढंच. कुठलं पुस्तक किती जणांना हवंय ते आम्ही वाचक सांगू, आगाऊ पैसेही भरू. आणि जुनं डीटीपी केलेले, श्रीलिपीच्या फाइली अजून सीडीवर सांभाळून असलेले कुणी ओळखीत असतील तर मला इनबॉक्स करा. प्रूफं तपासायला मी बसते, शनिवार-रविवार.