एकच तास तर राहिला होता

माझ्या डोंगराच्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री मी उत्तर लिहिलं होतं. सकाळी वाचलं आणि पुसून टाकलं. त्यात उत्तर कमी आणि फणकारा जास्त होता. आज बारा दिवसांनी पुन्हा बसले आहे. मधल्या काळात तुम्ही लिहिलेलं घरात मोठ्याने वाचून झालं, त्यावर दोनदा वाद झाला आणि एकदा लेक जेवणावरून उठून गेली. म्हणजे तुमच्या दहा ओळी वाया गेल्या नाहीत.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेली दोन वर्षं एक मुलगा दर रविवारी आमच्याकडे असतो. आता तो अकरा वर्षांचा आहे. आमच्या नात्यातला नाही. त्याच्या आईला मदत हवी होती, मला वेळ होता, आणि गणितापासून सुरू झालेलं हे प्रकरण हळूहळू डोंगरापर्यंत गेलं. मला तो मावशी म्हणतो. महिन्यापूर्वी आम्ही चौघं डोंगरावर गेलो होतो: मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि तो. त्या दिवशी पुढे चालायचं काम त्याच्याकडे होतं. माथ्याखालच्या खिंडीत पोहोचलो आणि तिथूनच परत फिरलो. उतरताना तो गप्प होता, एवढंच मी लिहिलं होतं.

त्यावर तुम्ही म्हणालात: एकच तास तर राहिला होता, तेवढ्यात काय बिघडणार होतं? एव्हरेस्ट चढणारे असे खिंडीतून परतले असते तर? दुसऱ्याच्या मुलावर प्रयोग कशाला, त्याला पुढारी करायचं आणि माथा दाखवायचा नाही, यातून तो हार मानायला शिकतो, त्याच्या गप्प बसण्यातच उत्तर आहे. शेवटी, ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजताना स्वतःच्या मुलीकडे लक्ष आहे ना?’

तीस वर्षं डोंगर चालता असं तुम्ही लिहिलंय आणि प्रश्नांवरूनही ते कळतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकी तुम्ही नाही. म्हणून तुमच्या तासापासूनच सुरुवात करते, कारण तो हिशेब आधी मीही तसाच केला होता.

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम मांडला. नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास धरायचा आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. आपल्या मापात साधारण पाच किलोमीटरला तास आणि सहाशे मीटर चढाला तास. आमची वाट खिंडीपर्यंत सहा किलोमीटरची आणि चढ ५८० मीटरचा, म्हणजे नियमाने दोन तास दहा मिनिटं. आम्हाला लागले पाच तास. नाइस्मिथसाहेबांचा माणूस धडधाकट आहे, तो कुठे बसत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याच्यासोबत लहान मुलं नाहीत. मुलं एका वेगाने चालतच नाहीत. धावतात, थांबतात, दगड उलटून खालचा किडा बघतात, पुन्हा धावतात. शिवाय अर्ध्या वाटेवर लेकीच्या बुटाचा तळ उकलला. तो नाडीने आवळून बांधण्यात, सुटल्यावर पुन्हा बांधण्यात पस्तीस मिनिटं गेली. ही गोष्ट मी लेखात घातली नव्हती. लेख नीटनेटका दिसावा म्हणून गाळली, आणि त्यामुळे वाचणाऱ्याला वाटलं की उशीर त्या मुलामुळे झाला. तुम्हालाही तसंच वाटलं. ही चूक माझी.

खिंडीपासून माथा एक किलोमीटर आणि १२० मीटर चढ. नियमाने चोवीस मिनिटं, आमच्या त्या दिवशीच्या चालीने पंचावन्न. म्हणजे तुमचा तासाचा अंदाज अचूक होता! फक्त तो वर जाण्याचा तास होता. वर गेल्यावर पंधरा मिनिटं कुणीही थांबणारच, आणि खिंडीत परत यायला आणखी पाऊण तास. एकच तास म्हणता म्हणता दोन झाले. खिंडीतून पायथ्यापर्यंत उतरायला आम्हाला प्रत्यक्षात चार तास लागले. माथा करून आलो असतो तर पायथा संध्याकाळी पावणेसातच्या आधी दिसला नसता. त्या दिवशी सूर्य मावळला सहा दहाला. शेवटचा पाऊण तास झाडीतून आहे, तिथे वाटेला तीन फाटे फुटतात, आणि आम्ही माणसं चार असताना टॉर्च होते दोन. (हो, दोनच. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. आता चार आहेत.)

उताराबद्दल मला एक गोष्ट फार उशिरा कळली. चढताना दम लागतो, म्हणून दमलो हे आपल्याला समजतं. उतरताना छाती शांत असते आणि सगळा भार मांड्यांवर येतो. तिथला स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलून धरतो, ब्रेकसारखा. त्याची झीज लगेच जाणवत नाही. मग अचानक घसाऱ्यावर पाय लटपटायला लागतात. लहान मूल तर ‘माझे पाय कापताहेत’ असं म्हणत नाही. ते पडतं.

एव्हरेस्टबद्दल. योरान क्रोप नावाचा एक स्वीडिश गिर्यारोहक स्वीडनहून सायकलने निघून एव्हरेस्टपर्यंत गेला होता. मे १९९६ च्या सुरुवातीला, बाटलीतल्या प्राणवायूशिवाय चढत तो माथ्यापासून साधारण शंभर मीटरवर पोहोचला, आणि परत फिरला. बर्फ खोल होता, उशीर झाला होता. घरापासून सायकल मारत आलेला माणूस, शेवटचे शंभर मीटर. त्यानंतर आठवड्याभरात, १० मेच्या वादळात त्याच डोंगरावर आठ जण दगावले. क्रोप २३ मे रोजी पुन्हा चढला आणि माथ्यावर पोहोचला. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की एव्हरेस्ट चढणारे परतले असते नाही, परतलेले आहेत.

आता तो गप्प का होता ते. लेखात मी हे लिहिलं नव्हतं कारण ती गोष्ट त्याची होती. तुमची प्रतिक्रिया त्याला वाचून दाखवली तेव्हा ‘हार मानायला शिकतो’ या वाक्यावर तो थांबला. म्हणाला, ‘मावशी, त्यांना घड्याळाचं सांग.’ म्हणून सांगते.

निघण्याआधी आम्ही चौघांनी मिळून परतायची वेळ ठरवली होती: साडेबारा. जिथे असू तिथून. घड्याळ त्याच्या मनगटावर होतं आणि वेळ झाल्याचं सांगणं त्याचं काम होतं. मी मुद्दाम माझं घड्याळ घरी ठेवलं होतं. मोबाइल होता, पण तो मी बघितला नाही, आणि ते किती कठीण गेलं ते माझं मला माहीत. आम्ही खिंडीत पोहोचलो, बसलो, पाणी प्यालो. वर माथा स्वच्छ दिसत होता, हात लांब केला तर लागेल असा. त्याने बाही खाली ओढून घेतली. मी ते पाहिलं, आणि काही बोलले नाही. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, तोही बोलला नाही. लेकीने बुटाची नाडी पुन्हा आवळली. बराच वेळ गेला. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘बारा बेचाळीस झालेत.’

त्या बारा मिनिटांसाठी तो गप्प होता. खाली येईपर्यंत. माथा हुकल्याचं दुःख त्याला होतंच, पण उतरताना झाडीच्या तोंडाशी त्याने मला विचारलं ते वेगळं होतं: ‘तुला माहीत होतं ना? मग का नाही बोललीस?’

खरं सांगायचं तर माझ्याजवळ त्या क्षणी चांगलं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, साडेबारानंतर पंधरा मिनिटं वाट बघून बोलणार होते. हे खरंच होतं. साडेबाराची वेळ मी सुचवतानाच अर्धा तास हातचा राखून सुचवली होती, आणि पाऊण वाजल्यानंतर त्याच्या हातात काही ठेवणार नव्हते. ‘म्हणजे खोटीच वेळ होती,’ तो म्हणाला. त्यावर आम्ही भांडलो, उतरता उतरता, बऱ्यापैकी. माझं अजूनही मत आहे की हातचा राखणं म्हणजे खोटं नव्हे. त्याचं मत आहे की मग ते आधी सांगायचं. विचार केल्यावर मला वाटतं, त्याचं बरोबर आहे.

तुम्ही याला प्रयोग म्हणता. मला त्या शब्दाचा राग आला होता, आता तितका नाही. १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या तिघा मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला देऊन, शिकवणारी व्यक्ती नेमकी कधी हात घालते आणि कधी मागे राहते, ते पाहिलं होतं. त्या मदतीला त्यांनी परांचीची उपमा दिली. इमारत उभी राहीपर्यंत बाहेरून लावलेली लाकडं, पुढे काढून घ्यायची. मुलाला जे अजून झेपत नाही तेवढंच मोठ्याने धरायचं, बाकीचं त्याच्यावर सोडायचं. मला ही उपमा पटते, पण परांची उतरवताना पोटात कसा गोळा येतो ते तिच्यात नाही. त्या दिवशी वाट, हवामान, परतायची वेळ आम्ही धरली होती. त्याच्याकडे घड्याळ होतं आणि पुढची जागा. पुढे म्हणजे नजरेआड नव्हे. दोन वळणांपलीकडे जायचं नाही हे ठरलेलं होतं, आणि गळ्यात शिट्टी होती. चुकलास तर शोधत फिरायचं नाही, एखाद्या झाडापाशी बसायचं, मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. झाडापाशी थांबायची ही शिकवण १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या एका डोंगरावर नऊ वर्षांचा मुलगा हरवून दगावला, त्यानंतर तिथल्या शोधपथकातल्या लोकांनी मुलांसाठी तयार केली. फिरत राहिलेलं मूल सापडणं अवघड, थांबलेलं सापडतं. आम्ही दोन्ही मुलांकडून ते घराच्या मागेच करून घेतलं आहे, इतक्या वेळा की शेजाऱ्यांनी एकदा शिट्ट्यांवरून विचारणा केली.

सॅकचं म्हणाल तर मुलाचं वजन बत्तीस किलो, सॅक तीन किलोची. त्यात त्याचं पाणी आणि जाकीट. पुरे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तो वाचून मी सगळ्यात जास्त चिडले होते, म्हणजे तिथेच काहीतरी होतं.

लेकीला विचारलं, त्या दिवशी तुला कसं वाटलं? ती म्हणाली, मला वर जायचं होतं. मग बोलली का नाहीस? ‘मला कुणी विचारलंच नाही. घड्याळ त्याच्याकडे, शिट्टी त्याच्याकडे, पुढे तो. मला सगळे नुसतं चल म्हणत होते.’ आणि पुढे, अगदी सहज, ‘तो पाहुणा असतो ना, म्हणून.’

शिट्टी तिच्याकडेही होती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. दोन वर्षं दर रविवारी येणारा मुलगा माझ्या मुलीच्या हिशेबात पाहुणा आहे, कारण आम्ही त्याला तसंच वागवतो. मोठा तुकडा त्याला, खिडकीची जागा त्याला, पुढे चालण्याचा मान त्याला. तिला वाटतं आपल्याला कमी मिळतं. आणि त्याला काय वाटत असेल? दोन वर्षांत तो आमच्या घरी एकदाही रुसलेला नाही, हे मी आत्तापर्यंत कौतुकाने सांगत आले. पाहुणे रुसत नाहीत. घड्याळावरून तो माझ्याशी भांडला तो पहिलाच दिवस, आणि मी त्याला ‘वाईट दिवस’ समजून लेखात गाळून टाकलं.

तेव्हा स्वतःच्या मुलीकडे लक्ष आहे का, याचं उत्तर, त्या दिवशी पुरेसं नव्हतं. फक्त भाकऱ्या लष्कराच्या होत्या हे मला मान्य नाही. तिच्या वाट्याचं लक्ष त्याने खाल्लं असं नाही. मी ते चुकीचं वाढलं. दोघांना वेगळं काय झेपतं हे न बघता एकाला सगळं दिलं आणि दुसरीला ओढत नेलं. आठ वर्षांची मुलगी वाटेवरच्या खुणा शोधू शकते. खरं तर त्याच्यापेक्षा तिला जास्त दिसतात, ती जमिनीच्या जवळ आहे.

पुढच्या रविवारी तोच डोंगर आहे. साडेसातऐवजी सहाला निघतोय. परतायची वेळ एक, आणि त्यात किती मिनिटं हातची आहेत ते चौघांना माहीत आहे. घड्याळ लेकीकडे जाईल असं मी ठरवलं होतं, तर दोघांनीही नाही म्हटलं. त्याला ते पुन्हा हवंय, बारा मिनिटांमुळे. तिला पुढे चालायचंय. ती सर्वांत हळू चालते, तेव्हा तिच्या चालीने सगळे चालतील आणि कुणाला ‘चल’ म्हणायची वेळ येणार नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. नवीन बूट घेऊन झालेत, ती ते घालून घरभर फिरतेय.

दोर सोबत ठेवा असं तुम्ही सुचवलंय. तो मात्र नेणार नाही. आमच्यापैकी कुणालाच तो नीट वापरता येत नाही, आणि सॅकेत दोर आहे म्हटल्यावर नवरा त्या डावीकडच्या कातळाला हात घातल्याशिवाय राहणार नाही.