पर्सिअसने क्राकेन मारलाच नव्हता

एक मजकूर व्हॉट्सअॅपवर आणि रील्सखाली पुन्हा पुन्हा फिरत असतो: "क्राकेन हा ग्रीक पुराणांतला सर्वांत भयंकर समुद्री राक्षस. झ्यूसच्या हुकमाने हा आठ हातांचा जीव मोकळा सोडला गेला. पेगॅससवर बसून आलेल्या पर्सिअसने मेड्युसाचं मुंडकं दाखवून त्याचा दगड केला आणि अँड्रोमेडाला सोडवलं." जवळपास प्रत्येक शब्दात चूक आहे. त्याहून वाईट म्हणजे कथा ज्या प्राण्याची आहे त्याचं नावच यात नाही. तो केटोस, ग्रीकमध्ये समुद्रातला अजस्र राक्षस.

क्राकेन ग्रीसचा नाहीच, तो नॉर्वेचा. बर्गनचे बिशप एरिक पोंटोपिदान यांनी १७५२-५३ मध्ये नॉर्वेच्या निसर्गाविषयी लिहिलेल्या ग्रंथात त्याचं सविस्तर वर्णन आहे, आणि ते फार सुंदर आहे. जिथे ८०-१०० वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोल पाणी असायला हवं तिथे २०-३० वावच लागलं, की कोळी ओळखत: खाली क्राकेन आहे. त्याच्या अंगावर मासळी गोळा होते म्हणून ते मुद्दाम तिथेच मासेमारी करत. पाणी आणखी उथळ होऊ लागलं की मात्र जीव तोडून वल्ही मारायची. त्याच्या पाठीचा घेर दीड मैल, आणि खरी भीती तो परत खाली जाताना उठणाऱ्या भोवऱ्याची. या प्राण्याला कोणी देव पाठवत नाही, त्याला कोणाला शिक्षाही करायची नसते. ग्रीक कथेत त्याला आणून बसवलं ते १९८१ च्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स' या हॉलिवूडपटाने, आणि २०१० च्या नव्या आवृत्तीने ते पक्कं केलं. चित्रपटाला ते स्वातंत्र्य आहेच. पण चित्रपटातली गोष्ट 'ग्रीक पुराण' म्हणून मुलांना सांगितली जाते, ते मला खटकतं.

"झ्यूसच्या हुकमाने." देवांचा राजा झ्यूसने नाही, पोसायडनने. राणी कॅसिओपिया म्हणाली, मी समुद्रकन्या नेरीडांपेक्षा देखणी आहे. त्या रुसल्या आणि समुद्राचा देव पोसायडन त्यांच्या बाजूने उभा राहिला. त्याने राज्यावर पूर आणला, आणि पुरासोबत केटोस. आईच्या तोंडाळपणाची भरपाई म्हणून मुलीला, म्हणजे अँड्रोमेडाला, खडकाला बांधा, असा कौल अम्मोन देवाने दिला. झ्यूसला मध्ये घातलं की समुद्राच्या काठावर राहणाऱ्या लोकांची समुद्राविषयीची भीतीच या कथेतून निघून जाते.

"आठ हातांचा." इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला एक करिंथी कुंभ बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यावर पर्सिअस, अँड्रोमेडा आणि केटोस यांची नावं लिहिलेली आहेत, त्यामुळे शंकेला जागा नाही. केटोसचं नुसतं डोकं दिसतं, एखाद्या हिंस्र पशूसारखं, आणि पर्सिअस त्याला चक्क दगड फेकून मारतोय. पुढच्या काळातल्या चित्रांत आणि शिल्पांत त्याचं लांब थोबाड, कान, कल्ले आणि वेटोळं घालणारी माशाची शेपटी दिसते. ऑक्टोपसचा मागमूसही नाही.

पेगॅसस या पंखांच्या घोड्याविषयी थोडक्यात: पर्सिअस पंख लावलेल्या पादत्राणांनी उडत होता. पेगॅससवर स्वार होऊन कायमेरा या राक्षसाला मारणारा वीर बेलेरोफॉन, तो वेगळा.

मेड्युसाच्या मुंडक्याच्या (ते पाहणाऱ्याचा दगड होतो) मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेखक लुशियन याच्या एका संवादात पर्सिअस तलवारही चालवतो आणि मुंडकंही दाखवतो. पण रोमन कवी ओव्हिडने ही लढाई सविस्तर रंगवली आहे, आणि तिच्यात फक्त वाकडी तलवार आहे. पाण्याच्या शिंतोड्यांनी पंख भिजून जड होतात, तेव्हा पर्सिअस एका खडकाचा आधार घेतो आणि केटोसच्या पोटात पुन्हा पुन्हा वार करतो. मुंडकं बाहेर येतं ते नंतर. हात धुताना तो ते समुद्री वनस्पतींवर ठेवतो, त्या कडक होतात, आणि त्यातून पोवळं जन्मतं. केटोसचा दगड करून टाकला की ही सगळी झटापट आणि पोवळ्याची कथा, दोन्ही गेली.

प्राचीन लोक या प्राण्याला निव्वळ कल्पना मानत नव्हते. ही घटना जोप्पाच्या, म्हणजे आजच्या इस्राएलमधल्या जाफाच्या किनाऱ्यावर घडली असं मानलं जाई. रोमन लेखक प्लिनी लिहितो, मार्कस स्कॉरस या रोमन अधिकाऱ्याने इसवी सनापूर्वी ५८ मध्ये तिथून त्या राक्षसाची हाडं रोमला आणून लोकांना दाखवली: लांबी ४० फूट, बरगड्या भारतीय हत्तींपेक्षा उंच, पाठीचा कणा दीड फूट जाड. ती देवमाशाची असावीत, असा तर्क आहे.

राहता राहिलं "सर्वांत भयंकर". पर्सिअसच्या केटोसला एक जोडीदार होता, ट्रॉयचा. राजा लाओमेडॉनने पोसायडन आणि अपोलो यांच्याकडून नगराचा तट बांधून घेतला आणि मजुरी बुडवली. पोसायडनने केटोस धाडला आणि राजकन्या हेसिओनीला किनाऱ्यावर बांधायची वेळ आली. तिला सोडवायला महावीर हेराक्लीस (हर्क्युलिस) आला. होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या विसाव्या सर्गात मातीच्या एका उंच बांधाचा उल्लेख आहे. केटोस किनाऱ्यावरून मैदानात पाठलाग करत आला, तर हेराक्लीसला आडोसा मिळावा म्हणून ट्रॉयच्या लोकांनी आणि अथीनाने तो उभारला होता. म्हणजे हेराक्लीसलाही ज्याच्यापासून लपायला जागा लागली, असा हा प्राणी. एका कथेत तर हेराक्लीस थेट केटोसच्या जबड्यात शिरतो आणि आतून पोट फाडतो. बक्षीस म्हणून कबूल केलेले दैवी घोडे लाओमेडॉनने हेराक्लीसलाही दिले नाहीत. हेराक्लीस सैन्य घेऊन परतला, त्याने ट्रॉय घेतलं आणि लाओमेडॉनला मारलं. बंदिवानांपैकी कोणाही एकाला सोडवायची मुभा हेसिओनीला मिळाली, तेव्हा तिने आपली ओढणी मोल म्हणून देऊन धाकट्या भावाला सोडवलं. तोच पुढे ट्रोजन युद्धातला म्हातारा राजा प्रायम.