माणूस मारल्यानंतरचे दोन सेकंद

ब्रिटिश हेर जेम्स बाँडच्या चित्रपटांवरचा वाद आपल्याकडे दोन वाक्यांत उरकतो. "कॉनरीसारखा कोणी झाला नाही" आणि "क्रेग कसला बाँड, तो तर पहिलवान." बाँड झालेल्या सहा नटांपैकी मधल्या चौघांना कोणी विचारत नाही. मग सूट कुणाला शोभला, गाडी कुणाची भारी, यावर कमेंटा रंगतात. पण सूट शिंपी शिवतो, गाडी निर्माता आणतो आणि चुरचुरीत वाक्यं लेखक लिहितो. त्यावरून नट कसा जोखणार?

माझ्या मते बाँडपटात नट जोखायची एक ठरलेली जागा आहे. समोरचा माणूस मेला, पण पुढचं वाक्य अजून आलेलं नाही, ते दोन सेकंद. पटकथेत तिथे बहुधा काहीच लिहिलेलं नसतं. ईऑन या निर्मितीसंस्थेचे २५ बाँडपट आहेत: कॉनरीचे ६, लेझनबीचा १, मूरचे ७, डाल्टनचे २, ब्रॉस्ननचे ४, क्रेगचे ५. ही जागा सहाही जणांच्या वाट्याला आली.

सुरुवात 'डॉ. नो'पासून (१९६२). बाँडला मारायला प्रोफेसर डेंट अंधारात येतो आणि बिछान्यातल्या उशांवर पिस्तूल रिकामं करतो. बाँड दाराआड पत्ते लावत बसलेला. दोघे बोलतात, डेंट गालिचा हळूच ओढून आपलं पिस्तूल हाताशी आणतो, चाप ओढतो, नुसताच खटका. बाँड त्याला सांगतो की हे स्मिथ अँड वेसन आहे, तुझ्या सहा गोळ्या संपल्या. (पडद्यावर दिसतं ते पिस्तूल कोल्ट आहे, पण ही चूक कॉनरीची नव्हे.) मग एक गोळी आणि डेंट पडल्यावर पाठीत दुसरी. त्या दुसऱ्या गोळीची काही गरज नव्हती. त्यानंतर कॉनरी सायलेन्सर काढून त्यात फुंकर मारतो. राग नाही, आनंद नाही. काम झाल्यावर सुतारानं रंध्यातला भुसा झटकावा तसं. १९६२ च्या प्रेक्षकाला नायकाकडून हे अपेक्षित नव्हतं आणि आजही ते अंगावर येतं.

यामागे दिग्दर्शक टेरेन्स यंगची तालीम आहे. कॉनरी एडिनबराचा, कधीकाळी दूध घरोघर पोचवणारा आणि व्यायामशाळेत अंग कमावलेला. यंगनं त्याला स्वतःच्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअरकडे नेलं आणि सूट घालून झोपायला लावलं, असं सांगतात. हेतू इतकाच की कपड्यांचं भान सुटावं. त्याचं फळ 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधल्या (१९६३) रेल्वेच्या डब्यात दिसतं. मारेकरी झालेल्या रॉबर्ट शॉशी झालेली ती मारामारी संपते तेव्हा कॉनरी दमलेला आहे, केस विस्कटलेत. तो टाय सारखा करतो आणि मेलेल्याच्या खिशातून आपले पैसे परत काढून घेतो. तालीम नसती तर टाय सारखा करणं पोज वाटलं असतं. इथे ती नुसती सवय वाटते.

मारल्यावर कोटी करायची प्रथाही कॉनरीच्याच काळात रुळली. 'गोल्डफिंगर'मध्ये (१९६४) विजेचा हीटर बाथटबमध्ये पडून माणूस जातो आणि बाँड म्हणतो, "शॉकिंग." या कोट्यांमुळे हिंसा पचायला सोपी जाते. पण पुढच्या प्रत्येक नटाच्या गळ्यात हे लोढणं पडलं आणि कॉनरीनंतर ते फक्त मूरला पेललं.

मूर म्हणजे विदूषक, हा समज मला अर्धाच पटतो. एक गोष्ट बरेच जण विसरतात: मूर कॉनरीनंतर आला, पण वयानं त्याच्यापेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी मोठा होता. 'अ व्ह्यू टू अ किल' (१९८५) आला तेव्हा तो ५७ वर्षांचा. धावण्या-लढण्याच्या दृश्यांत डमी सहज ओळखू येतो, याचं खापर निर्मात्यांवरच फोडायला हवं. 'द स्पाय हू लव्ड मी'मधलं (१९७७) कैरोचं गच्चीवरचं दृश्य मात्र पुन्हा पाहा. खलनायकाचा हस्तक सँडोर गच्चीच्या कडेला, केवळ बाँडच्या टायला धरून लटकलेला. हवं ते उत्तर मिळालं की मूर टायला एक झटका देतो. खाली आवाज. मूर टाय नीट करतो आणि म्हणतो, काय मदतीला तत्पर माणूस! सहाही बाँडांतला हा सर्वांत थंड खून असेल, आणि आपण हसतो. हसवून खून खपवणं ही मूरची कारागिरी. भुवई उंचावणं त्यातला सर्वांत क्षुल्लक भाग.

'फॉर युवर आइज ओन्ली'त (१९८१) कड्याच्या टोकाला अडकलेल्या, आत शत्रू बसलेल्या गाडीला लाथ मारायची होती. मूर तयार नव्हता, हे आपल्या बाँडला शोभत नाही म्हणाला. दिग्दर्शक जॉन ग्लेननं आग्रह धरला. ती लाथ बघताना मूरचा चेहरा बघा, पूर्ण गंभीर. दोन चित्रपटांतले हे दोन खून शेजारी ठेवले की कळतं, त्याला कठोरपणा जमत नव्हता असं नाही. तो नको होता.

जाता जाता 'ऑक्टोपसी' (१९८३). उदयपूर, कबीर बेदी, विजय अमृतराज आणि रिक्षांचा पाठलाग. जिंकलेल्या नोटा देताना "कढीची सोय झाली" छापाचं जे वाक्य आहे, ते आज ऐकवत नाही. पण विमानावर बेदीच्या तोंडावर अँटेना सोडून त्याला खाली पाडणं ही मूर पद्धतीचीच करामत.

लेझनबीला सगळे हसतात. ऑस्ट्रेलियन मॉडेल, अभिनयाचा अनुभव जवळपास शून्य. सर हिलरी ब्रे बनून वावरतानाचा त्याचा आवाज तर जॉर्ज बेकरचा आहे. त्याची चाल आणि हाणामारी उत्तम, वाक्यं कच्ची. तरी 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'चा (१९६९) शेवट त्याच्याइतका कॉनरीला जमला असता का, याची मला शंका आहे. लग्न लागून निघालेली नवरी गाडीत मरून पडते. वाहतूक पोलीस येतो आणि लेझनबी त्याला सांगतो की काही नाही, ती जरा विश्रांती घेते आहे. दिग्दर्शक पीटर हंटनं रडण्याचा टेक बाजूला ठेवून कोरडा घेतला, असं सांगितलं जातं. निर्णय बरोबर होता. कच्चा नट तिथे कच्चा राहिला आणि माणूस खरा वाटला.

आता डाल्टन. माझा सगळा राग इथे आहे.

१९८६ मध्ये ब्रॉस्ननची निवड झाली होती, दूरचित्रवाणी मालिकेच्या करारानं ती हुकली आणि डाल्टन आला. रंगभूमीवर शेक्सपिअर केलेला नट. त्यानं बाँडचा जनक इयान फ्लेमिंगच्या कादंबऱ्या नीट वाचल्या. 'द लिव्हिंग डेलाइट्स'मध्ये (१९८७) व्हिएन्नाच्या प्राटर बागेत सहकारी सॉन्डर्स मारला जातो. जवळच एक फुगा, त्यावर हेरांना मरण असा रशियन मजकूर. डाल्टन तो हातात फोडतो. मग फुगे दिसताच पिस्तूल काढून धावतो, आणि समोर आई आणि लहान मूल. तो थबकतो. ते दोन सेकंद मला या पूर्ण मालिकेत सर्वांत मोलाचे वाटतात, कारण आपल्या हातून आत्ता काय झालं असतं हे बाँडला कळलेलं दिसतं.

मग फसलं काय? कोट्या. त्याच चित्रपटात विमानातून शत्रू बुटासकट खाली जातो आणि डाल्टनला "ही गॉट द बूट" म्हणावं लागतं. तो ते अर्जातला रकाना भरावा तसं म्हणतो. पटकथा अजून मूरच्या मापाची होती. 'लायसन्स टू किल' (१९८९) त्याच्या मापाची शिवली गेली. शेवटी खलनायक सांचेझला लायटरनं पेटवून झाल्यावर डाल्टन रक्तबंबाळ, खडकाला टेकून नुसता बसून राहतो. कोटी नाही. ब्रिटनमध्ये या चित्रपटाला १५ वर्षांखालील प्रेक्षकांसाठी बंदी आली, अमेरिकेत तो चालला नाही, मग कोर्टकज्ज्यांत सहा वर्षं गेली आणि डाल्टन बाहेर.

ब्रॉस्ननवर फार लिहिण्यासारखं नाही. त्याला कॉनरीही व्हायचं होतं आणि मूरही. 'गोल्डनआय'मध्ये (१९९५) रणगाडा चालवताना टाय सारखा करतो तो विनोद झकास, पण कॉनरीच्या टायची ती चौथी झेरॉक्स. अपवाद 'द वर्ल्ड इज नॉट इनफ' (१९९९): प्रेयसीच खलनायिका निघालेल्या इलेक्ट्राला गोळी घालतो आणि मग तिच्यावर ओणवा होतो. तिथे नट दिसतो. 'डाय अनदर डे'त (२००२) १४ महिने उत्तर कोरियाच्या कैदेतून सुटलेला दाढीवाला बाँड हाताशी होता, आणि त्याला अदृश्य गाडीत बसवलं.

क्रेगच्या 'कसिनो रोयाल'नं (२००६) एकच केलं: दोन सेकंदांची जागा ताणली. जिन्यातल्या मारामारीनंतर बाँड खोलीत येतो, बेसिनवर रक्त धुतो, मद्याचा ग्लास रिकामा करतो, आरशात बघतो, शर्ट बदलतो आणि पुन्हा पत्त्यांच्या टेबलावर. त्याच्यासोबतची वेस्पर मात्र कपड्यांसकट शॉवरखाली बसून राहते आणि तोही तिच्याशेजारी जाऊन बसतो. डाल्टनला हे दोन चित्रपटांत चोरून करावं लागलं. क्रेगला ते पटकथेतच लिहून मिळालं. नट म्हणून तो मोठाच, पण "असा बाँड पहिल्यांदाच" हे वाक्य चुकीचं आहे.

'क्वांटम ऑफ सोलेस'मध्ये (२००८) हेच हरवलं. लेखकांचा संप, अपुरी पटकथा, आणि कापाकापी इतकी वेगवान की माणूस मरतो आणि क्रेगचा चेहरा दिसायच्या आत पुढचा शॉट सुरू. नट तोच, जागा गायब. 'स्पेक्टर'च्या (२०१५) वेळी आपल्या सेन्सॉरनं चुंबनं निम्मी कापली आणि ट्विटरवर 'संस्कारी बाँड' गाजला. खून मात्र बहुतेकांना खटकले नाहीत.

पुढचा चित्रपट डेनी व्हिलनव्ह करणार, हे २०२५ मध्ये जाहीर झालं. नव्या नटाचा फोटो आला की लगेच सूटवर बोलू नका. आधी ही चार दृश्यं याच क्रमानं, मोबाइल बाजूला ठेवून बघा: डेंट, सँडोर, प्राटरचा फुगा, वेस्परचा शॉवर. आणि "डाल्टन बोर आहे" असं ज्यांना लिहायचंय, त्यांनी तिसरं दृश्य दोनदा बघून मगच कमेंट टाकावी.